चिंध्या बांधलेलं भातशेत

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. भाताच्या बियाण्याच्या पाहणीवर असलेल्या माणसानं शेतकऱ्याचं म्हणणं ऐकायचं, मान डोलवायची आणि मग शेतात शिरून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्याचं काम. हा स्वभाव माझ्यात इतका मुरला आहे की भाजीवाल्यानं मेथीची जुडी पुढं केली की मी ती सोडून आतली पानं बघतो, आणि माझी पत्नी दोन पावलं मागं सरून या गृहस्थाशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करते. तेव्हा पुढची हकिगत एका संशयी माणसानं लिहिली आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेला बेलापूरपट्टीची गावं आहेत. मुंबईहून एका होडीच्या अंतरावर, तरी मुंबईकर तिकडं फिरकत नाही. समुद्राचं पाणी थोपवायला या लोकांनी मातीचे लांबच लांब बांध घातले आहेत आणि बांधाच्या आतल्या खाऱ्या जमिनीत ते भात काढतात. आम्हां सातारकडच्या लोकांना विहिरीचं पाणी जरा मचूळ लागलं तरी चालत नाही. इथं माणसं मिठाशी भांडून जेवतात.

गेली काही वर्षं आमच्या खात्यानं या गावांतून बियाण्याची मंडळं काढली आहेत. खातं शुद्ध, निवडक बियाणं देतं. गावानं ते मिळून एका तुकड्यात लावायचं, त्यात उगवलेली परक्या जातीची झाडं वेळेवर उपटायची, आणि आलेलं भात न खाता आसपासच्या गावांना पेरायला द्यायचं. मंडळ यशस्वी झालं की नाही हे ठरवायला माझ्यासारखा माणूस जातो. कापणीच्या आधी शेतात परकं भात उभं दिसलं तर मंडळ नापास, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं दुसऱ्या गावाला.

एका गावाबद्दल फारच चांगलं कानावर येत होतं. तिथलं बियाणं ज्यानं पेरलं तो तेच पुन्हा मागतो, असं जो तो म्हणे. आमचे वरिष्ठ मला म्हणाले, "इतकं चांगलं मला पचत नाही. तुम्ही न कळवता जा." मलाही ते पचलं नव्हतंच. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांना शोधायचंय ते शोधतील. नेरूळ आणि सारसोळ्याच्या आसपास आहे एवढं पुरे.

तरीवर

मानखुर्दच्या बाजूनं तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसलो. दसरा उलटून गेला होता आणि ऊन असं की होडीच्या फळीवर हात ठेववेना. माझ्याबरोबर कोंबड्यांची एक टोपली होती आणि शिवणयंत्राला मिठी मारून बसलेला एक शिंपी होता. ओहोटी लागली होती. पलीकडचा काठ चांगला दिसायला लागला आणि होडी चिखलात बसली.

तांडेल म्हणाला, "सायेब, उतरा आता. पुरं पानी नाय."

मी बूट हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय टाकला, तो मांडीपर्यंत आत गेला. शिंप्याचं यंत्र काठावरच्या लोकांनी धावत येऊन डोक्यावरून नेलं. कोंबड्याही कोरड्या गेल्या. माझ्याकडं मात्र बराच वेळ कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि गेलं तेव्हा दोघांनी मला काखेत हात घालून रोप उपटावं तसं उपटलं. एक मोजा खाडीतच राहिला.

काठावर एक उंच, सावळा, पांढऱ्या मिशांचा माणूस छत्री उघडून उभा होता. शेजारी पाण्यानं भरलेला हंडा.

"या सायेब. पाय धुवा," तो म्हणाला. "मी जोमा पाटील. मंडलाचा मुख्य."

"मी कोण ते तुम्हाला कसं कळलं?"

"बूट हातान घेऊन आमच्या गावान दुसरं कोन येतंय?"

उत्तर हजरजबाबी होतं, पण हंडा आधीच भरून ठेवलेला होता. न कळवता आलेल्या माणसासाठी पाणी तयार! माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथंच, चिखलाचे पाय धुताना.

पाटलाच्या ओटीवर

मिठागरांच्या कडेनं गावात गेलो. मिठागरं या दिवसांत ओसाड असतात. नुसते चौकोनी खड्डे आणि त्यांतून पावलं मोजत चालणारे बगळे. गाव आगऱ्यांचं. घरं कौलारू, अंगणं शेणानं सारवलेली, दारोदार जाळी वाळत टाकलेली. शेती करणारी ही माणसं हाताशी खाडी असल्यामुळं मासेही पकडतात.

आमच्याकडं पाहुणा आला की गूळ-पाणी देऊन "कसं काय येणं केलं" असं विचारतात. इथं कुणी विचारलंच नाही. चहा आला. मग शहाळं आलं. मग तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि निवट्यांचं कालवण आलं. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा, डोळे वटारलेला एक बोटभर मासा. वाटेत मी त्यांना पळताना पाहिलं होतं, त्यामुळं ताटात त्यांच्याकडं बघणं जड गेलं. पण चव अशी की मी पुन्हा मागून घेतलं. तांदळाची भाकरी पांढरी शुभ्र, रुमालासारखी घडी घालता येणारी. ज्वारीवर वाढलेल्या माझ्या दातांना तिच्यात चावायला काही सापडेना.

जेवण झालं तशी मी म्हटलं, "चला, शेत बघू."

"आता ऊन हाय सायेब."

ऊन उतरल्यावर म्हटलं, तर पाटील म्हणाला की बांधावर आता साप निघतात. सकाळी जाऊ. सकाळी म्हटलं तर आधी न्याहारी. मी मनाशी म्हटलं, इथं पाणी कुठंतरी मुरतंय. पाहुण्याला खाऊ घालणं वेगळं आणि खाऊ घालून बसवून ठेवणं वेगळं. एवढा फरक मला कळतो.

बाहेरचा बांध

शेवटी निघालो. बरोबर पाटील आणि मंडळाचे आणखी काही पुरुष. ते मला बाहेरच्या मोठ्या बांधावरून घेऊन गेले. एका हाताला खाडी आणि तिवरांची झाडी, दुसऱ्या हाताला पिकू लागलेलं भात. दृश्य सुंदर होतं, हे कबूल करतो. पण मी भाताकडं वळलो की कुणीतरी मला खाडीकडं वळवी.

"सायेब, ही उघाडी बगा." उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी झापाचं दार, ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी बाहेर काढतात, भरतीला आपोआप दाबून बसतं. "सायेब, हितं मागं बांध फुटलेला. सगलं भात खारान गेलं. घरचं जुनं बियानं बी ऱ्हायलं नाय." "सायेब, ही चिंबोरीची बिलं. ती बांध पोखरते." चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं बघून बघून माझी मान दुखायला लागली.

बियाण्याचा तुकडा मधोमध होता. त्याच्या जवळून जाताना सगळी मंडळी अचानक झपझप चालायला लागली. मी बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्तानं खाली बसलो, आणि ते पुढं गेल्यावर आतल्या बांधावर उतरलो.

आणि बघतच राहिलो. पिकाच्या मधून, जागोजाग, चिंध्या. लाल, निळ्या, हिरव्या, विटलेल्या जुन्या लुगड्यांच्या बोटभर पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी एकेका रोपाला गाठ मारून बांधलेली.

पाटील धापा टाकत मागं आला. "ते पाखरांसाठी, सायेब."

त्याच्या मागचा माणूस त्याच वेळी म्हणाला, "नजर लागू नये म्हनून."

एका गोष्टीची दोन कारणं मिळाली की तिसरंच खरं असतं, हा माझ्या नोकरीतला अनुभव. मी वाकून चिंधी बांधलेलं एक रोप बघितलं. लोंबीला लांब कुसळ. दाणा सोलला तर आत तांबडा. हे खात्याचं भात नव्हे. दुसरं चिंधीचं रोप बघितलं, तेही परकं. तिसरं, चौथं, सगळी परकी. म्हणजे या लोकांना शेतातलं प्रत्येक परकं झाड ठाऊक होतं, आणि एकही उपटलेलं नव्हतं!

मी हात झाडून पुन्हा बांधावर चढलो. पण डोक्यात चक्रं फिरू लागली. तांबड्या तांदळाची भाकरी यांना जास्त गोड लागते, हे जेवताना ऐकलं होतं. म्हणजे खात्याच्या खर्चानं आपलं तांबडं भात वाढवायचं, की पाहणीवाला ज्या वाटेनं जाईल तेवढीच चिंधीची झाडं ऐनवेळी उपटायची? दोन्ही शक्य होतं. नियमाप्रमाणं तर तिथल्या तिथं मंडळ नापास करून पहिल्या होडीनं परत जाता आलं असतं. पण लबाडी कुणाची आणि कशासाठी हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही.

सारसोळे

गावाबद्दल गावात विचारून काही कळत नसतं. मी दुपारी "जरा फिरून येतो" म्हणून सारसोळ्याला गेलो. ही कोळ्यांची वस्ती. एका ओट्यावर मथुरीबाई नावाची म्हातारी जवळा निवडत बसली होती. पाटलाच्या गावात ती मासे विकायला जाते असं कळलं, म्हणून मीही ओट्याच्या कडेला टेकलो. तिनं मला चिंबोरीचं कालवण वाढलं. चिंबोरीचा नांगा दातानं फोडायचा असतो हे मला माहीत नव्हतं. मी बोटानं उघडायला गेलो आणि रस्सा थेट चष्म्यावर उडाला. म्हातारी हसून हसून आडवी झाली.

हसणं ओसरल्यावर मी सहज म्हणून विचारलं, "त्या गावच्या बायका शेतात चिंध्या का बांधतात हो?"

"त्या? अरं बाबा, येका घरान जुनं लुगडं ऱ्हायलं नाय. सगली फाडली. रोज शेतान जातान, पोटुशा भाताला बांधतान."

"पोटुशा?"

"भात पोटरीन आयलं का ते पोटुशीच न्हाय काय? त्याला कोन उपटतं? बाईमानसाला तवा कोन ढकलून देतं काय?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी घरात बायकोला मारत असेन. "नव्याची पूजा होयाला लागते. मंग कोयता."

लोंबी पानाच्या पोंग्यात फुगली की भातानं पोटरी धरली म्हणतात, ते मला ठाऊक होतं. पण मासे विकणारी बाई आपल्या गिऱ्हाइकांबद्दल वाईट कशाला बोलेल? आणि भात पोटुशी असल्याची गोष्ट पाहणीवाल्याला तोंडावर सांगण्याऐवजी पाटील पाखरांची आणि नजरेची गोष्ट का सांगतो? मला ती कथा रचलेली वाटली. रचलेली कथा तपासायला उपाय सोपा होता.

परतताना मी मुद्दाम बांधावरून आलो. उघाडीजवळच्या कोपऱ्यात कुणी नव्हतं. मी खाली उतरलो आणि त्या कोपऱ्यातल्या चिंध्या भराभर सोडून कोटाच्या खिशात कोंबल्या. माझा हिशेब असा: चिंध्या खरोखरच बायकांच्या कामाच्या असतील तर त्या गेल्याचं त्यांना कळेल. नुसता देखावा असेल तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आपण फार हुशार आहोत असं मला त्या वेळी वाटलं, ते लपवत नाही.

देवळापुढं

सकाळी न्याहारी आली नाही. त्यावरून मला समजायला हवं होतं. बाहेर आलो तर सगळं गाव गावदेवीच्या देवळापुढं जमलेलं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि मधे एकटी उभी चांगुणाबाई.

हिला मी पाटलाच्या घरी पाहिलं होतं. पाटलाची विधवा भावजय. अंगानं काटक, आवाज खणखणीत. शेत बायकांनी आपसांत वाटून घेतलेलं असतं, उघाडीजवळचा कोपरा हिच्याकडं, आणि चिंध्यांची युक्तीही हिचीच, हे त्या गर्दीत उभा राहून मला कळलं.

एक माणूस तावातावानं बोलत होता, "हिनंच सोरल्या. सायेब आयलं, मंडल बुडतंय असं दिसलं, तशी आपल्या कोपऱ्याच्या चिंध्या सोरून मोकली! तुज्या नादान गावाच्या बायांनी येक झार उपटलं नाय. आता सायेब नापास करतील, त्याचं काय?"

"मी सोरल्या नाय," चांगुणाबाई म्हणाली.

"मंग कोनी? भुतानं?"

पाटील माझ्याकडं आला. त्याचा चेहरा उतरला होता. "सायेब, तुमी सरकारी मानूस. आमच्यातला कोनी नाय. तुमी पंच म्हनून बसा. तुमच्यापुढं खोटं कोन बोलनार नाय."

मला देवळाच्या पायरीवर बसवलं. कोटाच्या उजव्या खिशात चिंध्या होत्या आणि त्यांच्यावर माझा हात. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. जो तो येऊन देवीकडं बघून सांगत होता की चिंधी सोडली नाही. अर्थातच कुणीच सोडली नव्हती.

चांगुणाबाईची पाळी आली. ती देवीकडं न बघता माझ्याकडं बघून बोलू लागली. "सायेब, आता लपवून काय करायचं? मागं येक सायेब आयलेले. आमी सांगलं, भात पोटुशी हाय, हात लावू नका. ते हसले, आनी आमच्या डोल्यादेखत भरल्या पोटाचं झार मुळासकट वर काडलं. त्याच उधानान बांध फुटला. तवापासून कोनची बाय शेतान उपटायला जाईल? मंडल तवाच मोरत होतं. मी बोल्ली, उपटू नका. निशान बांधा. नव्याची पूजा झाली का पयला निशानाचं कापून बाहेर काडू, मंग सगल्या शेताला कोयता. हसतील म्हनून तुमाला कोनी सांगलं नाय. पूजेपावेतर तुमाला गावान फिरवत ठेवायचं असं ठरलं. चोरी म्हनाल तर येवढीच हाय."

मग तिनं पदर कमरेला खोचला.

"आनी मना सांगा सायेब, चोरी करनारा मानूस आपल्या चोरीवर रंगीत निशान बांधून ठेवतो काय?"

ऊन तापलं होतं. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. मी सवयीनं खिशातला रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर चिंध्या बाहेर आल्या. लाल, निळ्या, हिरव्या. एक माझ्या गुडघ्यावर अडकून राहिली, बाकीच्या पायरीवरून घरंगळत चांगुणाबाईच्या पायापाशी गेल्या.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. तावातावानं बोलणारा माणूस खाली बघू लागला. पाटलानं तोंड दुसरीकडं वळवलं, माझी लाज राखायला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं आणि देवळाची पायरी मात्र भलतीच टणक होती.

चांगुणाबाईनं वाकून चिंध्या गोळा केल्या. म्हणाली, "कंच्या कंच्या झारांच्या, ते आठवतंय काय?"

मला आठवत नव्हतं.

नव्याची पूजा

त्या दिवशी मी आणि चांगुणाबाई त्या कोपऱ्यात परकी झाडं पुन्हा शोधत होतो. ती बांधावरून दाखवी, मी चिखलातून बघत जाई. चिंध्या मी बांधल्या, कारण सोडल्याही मीच होत्या. पण लोंब्या आता वाकल्या होत्या, कुसळं झडू लागली होती, आणि तांबडं भात बाहेरून पांढऱ्यासारखंच दिसतं. बरीच सापडली. सगळी सापडली असं आम्हां दोघांतलं कुणीच म्हणू शकलं नाही.

दुसऱ्या दिवशी नव्याची पूजा झाली. घरोघरच्या दारांवर नव्या लोंब्या आणि आंब्याची पानं बांधली गेली. आमच्याकडं दसऱ्याला आपट्याची पानं वाटून सोनं म्हणतात. इथं लोंबीला नुसतं 'नवं' म्हणतात, आणि ती बांधताना घरातली कर्ती बाई मोठ्यानं बोलत नाही. पूजा आटोपली तशा बायका कोयते घेऊन शेतात उतरल्या आणि चिंधीचं एकेक रोप कापून, चिंधीसकट, बांधाबाहेर टाकू लागल्या. मी बांधावर उभा राहून बघत होतो. संशयी माणूस सुधारत नसतो. एखादं चिंधीचं रोप राहतंय का हे मी बारकाईनं पाहिलं. एकही राहिलं नाही. कापणीच्या आधी शेत स्वच्छ हवं असं नियम सांगतो. कोयता पिकाला लागला तेव्हा शेत स्वच्छ होतं. ते पोटरीत असताना स्वच्छ केलं की पिकल्यावर, हे विचारायला मला आता तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कारणही नव्हतं.

बांध झाड उपटल्यामुळं फुटला हे मी मानत नाही. चिंबोरीच्या बिळांनी आणि उधाणानं फुटला. पण बायकांनी तसं मानलं, आणि मानूनही मंडळ मोडू दिलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

खळं

पुढं कापणी झाली, आणि मळणीपर्यंत मी मुद्दाम राहिलो. सारवलेल्या खळ्यावर प्रत्येकीच्या वाट्याच्या भाताचा वेगळा ढीग घातला होता. हे वेगळे ढीग कशासाठी, असं मी पाटलाला विचारलं.

"बाय आपल्या तोंडान सांगते," तो म्हणाला. "ढीग साफ हाय का नाय ते. मंग ते येकत्र करायचं. दुसऱ्यानं बोलायचं नाय, आनी कारन सांगायचं नाय. नुसतं साफ का नासलेलं."

एकेक बाई पुढं आली. आपल्या ढिगातलं मूठभर भात तळहातावर चोळून, फुंकर मारून, दाणे बघून म्हणाली, "साफ." मीही मागून त्याच ढिगातली मूठ उचलून सोलत होतो. तांबडा दाणा सापडेना. मला तो सापडायला हवा होता असं नाही, पण हाताला सवय. शेवटी शेवटी तर मी नुसताच मागून चालत होतो.

चांगुणाबाई आपल्या ढिगाशी आली. भात चोळलं, फुंकर मारली. तिच्या तळहातावर पांढऱ्या दाण्यांत एक तांबडा दाणा होता. तिनं दुसरी मूठ घेतली. त्यात काही नव्हतं. तिसरीत पुन्हा एक.

मला वाटलं ती आता माझ्याकडं बोट दाखवील. दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"नासलेलं," ती म्हणाली, आणि टोपली पुढं ओढली.

मी पुढं झालो. "चांगुणाबाई, थांबा. इतकी भेसळ नियमात बसते. मी सांगतो ना. हा ढीगही पास आहे. सगळं मंडळच पास आहे."

'पास' हा शब्द ऐकून पाटलानं हात जोडले. मागं बायकांत एकदम बोलणं सुरू झालं, कुणीतरी हसलं, कुणीतरी डोळे पुसले. चांगुणाबाईच्याही चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. पण टोपली तिनं सोडली नाही.

"तुमच्या नेमान बसत आसंल सायेब," ती म्हणाली. "आमच्या बियान्यान नाय बसत."

आणि तिनं तो सगळा ढीग, टोपलीमागून टोपली, एकटीनं खळ्याबाहेर नेला. मी मदतीला वाकलो, तर तिनं नुसती मान हलवली. ज्याचा वाटा त्यानंच उचलायचा असतो.

आमच्या खात्यात मी अनेक ढीग नापास केले आहेत आणि त्या प्रत्येक वेळी समोरचा माणूस माझ्याशी भांडला आहे. पास झालेला ढीग नापास करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

संध्याकाळच्या होडीआधी पाटलाच्या घरी शेवटचं जेवण होतं. चांगुणाबाई वाढायला होती. तिच्या नासलेल्या ढिगातलं भात उन्हात तापवून, कांडून, शिजवलेलं. निवट्यांचं कालवण वर. पांढऱ्या भातात मधूनच एखादं तांबडं शीत दिसत होतं. मी सवयीनं ती शितं बोटानं ताटाच्या कडेला सारू लागलो, आणि ती उभी राहून बघते आहे हे मला उशिरा दिसलं.

"गोड असतं ते," ती म्हणाली. "खाऊन टाका."

मी एकेक तांबडं शीत उचलून खाल्लं. तिनं पुन्हा वाढलं आणि मी नको म्हटलं नाही.